आबांच्या हरकती

माझं काम तपासण्याचं आहे. आष्ट्यातल्या एका पतसंस्थेत मी हिशेब बघते. व्हाउचर समोर घ्यायचं, नोंदीशी ताडून बघायचं, जुळलं की तांबड्या पेन्सिलीनं बारीक खूण करायची आणि पुढं जायचं. जुळलं नाही तर खूण करायची नाही. काम साधं आहे आणि मला ते जमतं. चाळिशी ओलांडल्यावर मी दूरस्थ पद्धतीनं अर्थशास्त्रात एम. ए. करायला घेतलं, तेव्हा पुस्तकांच्या पानांनाही मी तशीच खूण करायला लागले. पान लक्ष देऊन वाचून झालं की कोपऱ्यात खूण. वाचता वाचता मन दुसरीकडं गेलं तर खूण नाही, पान पुन्हा पहिल्या ओळीपासून.

आकड्यांचे पेपर सोपे गेले. आलेख, सारण्या, सूत्रं समोर आली की माझं डोकं आपोआप जागेवर येतं. अडलं ते एकाच पेपरात, आर्थिक विचारांच्या इतिहासात. जाड पुस्तक, बारीक टाइप, आकडा औषधालाही नाही. कुठल्या काळात कोण काय म्हणालं, त्याला पुढच्यानं काय उत्तर दिलं, त्या उत्तरात तिसऱ्याला काय खोट दिसली, असं सगळं. वाक्यं अशी लांब की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात कुणापासून झाली होती ते विसरावं.

ह्या पेपरात मी दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा निकाल बघितला तेव्हा नोंदणीची मुदत संपत आली होती. येत्या उन्हाळ्यातली परीक्षा शेवटची. तीत हा पेपर सुटला नाही तर आधी सुटलेले सगळे पेपरही बाद होणार होते. पुन्हा पहिल्यापासून नाव घालण्याची माझी तयारी नव्हती. थोडक्यात, हा एक पेपर गेला की सगळं गेलं.

वाचायला बसले की काय व्हायचं ते सांगते, कारण आपल्यालाच असं होतं असं मला बरेच दिवस वाटत होतं. डोळे ओळीवरून नीट चालत राहायचे. पानाच्या तळाशी आलं की कळायचं, मी मनात उद्याच्या डब्याची गवार निवडत होते. मग पुन्हा वर. ह्या खेपेला तिसऱ्या ओळीपर्यंत शुद्ध असायची, मग पुण्याला शिकणारी लेक काल फोनवर जरा तुटक का बोलली, ते सुरू व्हायचं. मोबाइल मी पिठाच्या डब्यावर ठेवून बघितला, कपाटात ठेवून बघितला, शेवटी नवऱ्याकडं दिला. मोबाइल जवळ नसला तर तो कुठं वाजत असेल ह्याच्याकडं कान जायचा. रक्त तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत, झोप घेत चला. झोप घेतली. गवार तशीच निवडत राहिले.

मन हललं की पान पहिल्यापासून वाचायचं, ही सवय माझ्या माहेरची, रहिमतपूरची. श्रावणात आई पारायणाला बसायची. पारायणाचे नियम कडक होते. मध्ये उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, एकही ओवी सोडायची नाही. कुणी दारातून हाक मारली आणि तिच्या तोंडून चुकून 'ओ' गेली तर ती तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. लहानपणी मला ते फार थोर वाटायचं. आमच्या आळीतल्या देवळात संध्याकाळी पुरुषांची पोथी असायची, ती मात्र मला सैल वाटायची. तिथं एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि ऐकणारे खुशाल मध्ये तोंड घालायचे. "थांब थांब, ह्यो आधी म्हणला एक आन् आता करतोय दुसरंच." मग त्याच्यावर वाद, तंबाखू, हसणं. एका संध्याकाळी चार ओव्या झाल्या तरी पुष्कळ. ह्याला वाचन म्हणतात का, असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, पुरुषांना बसायला कारण लागतं.

अभ्यासाला बसताना मी आईसारखी बसले. पहिल्या पानावरच्या 'दोन शब्द' ह्या मनोगतापासून सुरुवात केली. प्रस्तावना, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, काही सोडलं नाही.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर एका रविवारी सांगलीच्या अभ्यासकेंद्रात मी आमच्या सरांना पुस्तक दाखवलं. त्यांनी पानं उलटली. तिसऱ्या घटकापर्यंत प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तांबडी खूण होती. पुढं एकही नाही.

"ऋणनिर्देशालाही खूण आहे," सर म्हणाले.

"वाचला होता."

"आणि ही घटकाच्या शेवटची संदर्भसूची?"

"तीही."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "अहो बाई, संदर्भसूची वाचलेली विद्यार्थिनी मी पहिल्यांदाच बघतोय. ती लिहिणाऱ्यानंसुद्धा पुन्हा वाचली नसेल." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "निम्म्याहून जास्त पेपर पुढच्या घटकांवर असतो. तुम्ही दोन्ही वेळा पुढं पोचलाच नाही. सोडून सोडून वाचायला शिका."

मी हो म्हटलं, पण मला ते पटलं नव्हतं. पान सोडणं म्हणजे व्हाउचर न बघता सही करणं. परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. उरलेली पानं भागिले उरलेले दिवस. उत्तर फार मोठं नव्हतं. पण त्या भागाकारात एक पान किती वेळा वाचावं लागेल हे धरलेलं नव्हतं, आणि ते धरलं तर उत्तर कुठं जातं हे मला माहीत होतं, म्हणून मी ते धरलंच नाही. हिशेबात असं करू नये.

त्या जानेवारीत आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आबा म्हणजे माझे सासरे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर सगळं आयुष्य उसात. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, त्यातला एक काढला. दुसरा आधीच इतका पिकलेला की त्या डोळ्याचा उपयोग नव्हता. काळा चष्मा, ठरल्या वेळी थेंब, शेतात जायचं नाही, धुळीत बसायचं नाही, वाचायचं नाही. पहिल्या चार गोष्टी त्यांनी हुकूम म्हणून मानल्या. पाचवीनं ते बेजार झाले, कारण सकाळचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचल्याशिवाय त्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही.

मग पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मी कामावरून आले, चहा झाला, की आबांच्या डोळ्यात थेंब घालायचे. थेंब घातल्यावर काही वेळ डोळे मिटून बसायचं असतं. तेवढ्यात मी बाहेर सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बसून सकाळचा पेपर संध्याकाळी वाचायची. आबांना वाचून दाखवणं सोपं नाही. ते बातमी पुरी होऊ देत नाहीत.

"कुणी सांगितलं असं?"

"पेपरात आहे, आबा."

"पेपरात हाय ते मला कळतंय. पेपरवाल्याला कुणी सांगितलं?"

पुढं वाचलं की त्यांचा हात वर जायचा. हात वर करून थांबवायची सवय बहुधा फौजेतली. डोळे मिटलेले, हात वर. मी थांबले की ते हरकत घ्यायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढं जाऊ द्यायचे नाहीत.

सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी पेपर येत नाही. संध्याकाळी थेंब घालून मी आत निघाले, तर आबा म्हणाले, "आज वाचन न्हाई व्हय?"

"आज पेपर नाही आबा. आणि मला माझं वाचायचंय."

"मग तेच वाच की हितं. मला काय, आवाज आला म्हंजे झालं."

मी पुस्तक आणलं. चौथा घटक होता, खुणा नसलेल्या पानांतला पहिला. तो फ्रान्समधल्या जुन्या विचारवंतांच्या एका गटाबद्दल होता. त्यांचं म्हणणं असं की खरी नवी संपत्ती फक्त शेतीतून तयार होते. एक दाणा पेरला की अनेक येतात, ती निसर्गाची देणगी. व्यापारी आणि कारागीर फक्त असलेल्या वस्तूचं रूप किंवा जागा बदलतात, म्हणून ते अनुत्पादक वर्ग.

आबांचा हात वर गेला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"हे कोण म्हणलं म्हणालीस?"

"फ्रान्सचे लोक. फार जुने."

"आपल्यातलीच हायती ती," आबा म्हणाले. काळ्या चष्म्याखाली चेहरा उजळला होता. "एवढं लिवून ठिवलंय आन् कुणी सांगत न्हाई. मग तुझ्या पतसंस्थेचं काय म्हणत्यात ती?"

"त्यात पतसंस्था नाही."

"पर हिशेब लिवणारा कशात बसतोय?"

मला खोटं सांगता आलं असतं. "अनुत्पादकात," मी म्हटलं.

त्यानंतर घरात माझं नावच पडलं. दुसऱ्या दिवशी मी दारात चप्पल काढतेय तोवर सोप्यातून आवाज आला, "अनुत्पादक बाई आल्या जणू. चहा टाका." जेवताना नवऱ्यानं भाकरी मागितली तर आबा म्हणाले, "तिला मागू नगंस. भाकरी जवारीनं तयार केलीया, हिनं फकस्त रूप बदललंय." नवरा पुस्तक वाचत नाही, पण ह्यावर तो पोटभर हसला. मी हसले, आणि मनातून मला राग आला. एक दिवस, दोन दिवस ठीक. पण भाजी चिरताना, गाडीवर बसताना, माझं उत्तर तयार व्हायला लागलं. ह्यांचा दाणा बाजारात पोचवणारा अनुत्पादक कसा? हिशेब ठेवणारं कुणी नसेल तर ह्यांच्या उसाचं बिल कोण काढणार?

त्या रविवारी सांगलीला जाताना मी एसटीत पुस्तक उघडलं. मला फक्त एवढंच शोधायचं होतं की ह्या फ्रान्सवाल्यांना पुढं कुणी खोडून काढलं का नाही. खिडकीतून वारा येत होता, शेजारच्या बाईंच्या मांडीवर कोथिंबिरीची पेंडी होती आणि पुढं कुणाच्या तरी मोबाइलवर कीर्तन चालू होतं. पाचव्या घटकात तो माणूस मला सापडला. त्यानं म्हटलं होतं की श्रम कुठलेही असोत, त्यांतून मूल्य तयार होतं. कारागीर अनुत्पादक नाही. पण त्याच माणसानं पुढं नोकरचाकर, वकील आणि गवई ह्यांना पुन्हा अनुत्पादकात टाकलं. मी चिडून पान उलटलं. मग त्याला सहाव्या घटकातला कोण काय म्हणतो ते बघितलं.

सांगलीचं स्टँड आलं, लोक उतरायला लागले. पुस्तक मिटताना मी कोपऱ्याकडं बघितलं. मागच्या कित्येक पानांना खूण नव्हती. खूण करायची राहून गेली होती. मी पानं पुन्हा उलटून स्वतःला विचारलं, ह्यात काय होतं? आणि मला सांगता येत होतं.

तिथं उभ्याउभ्या मला देवळातली पोथी आठवली. इतकी वर्षं मी तिला वाचनच मानलं नव्हतं. आईचं पारायण खोटं नव्हतं. पण आईनं ते पुस्तक जन्मभर वाचलेलं होतं, तिला त्यातून काही शोधायचं नव्हतं, तिला त्याच्याजवळ बसायचं होतं. मला तर शोधायचं होतं, आणि शोधायचं काय हे ठरवल्याशिवायच मी मांडी घालून बसत होते.

त्या संध्याकाळी थेंब घालून मी आबांसमोर बसले. "आबा, तुमचे फ्रान्सवाले खोडून निघाले."

"कुणी खोडलं?"

"वाचते."

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. पेपरचं वाचन आटोपशीर, मग माझं पुस्तक. अर्थ सांगायचं काम माझ्याकडं, हरकतीचं त्यांच्याकडं. एक पान पुरं व्हायला कधी कधी अख्खी संध्याकाळ जायची, आणि भागाकाराच्या दृष्टीनं ते परवडणारं नव्हतं. पण ते पान दुसऱ्यांदा वाचायला लागायचं नाही.

आबा शहाणपणाचं बोलायचे असं नाही. पुष्कळदा ते साफ चुकायचे. एका घटकात होतं की जमीन तेवढीच ठेवून त्यावर माणसं वाढवत नेली तर एका टप्प्यानंतर प्रत्येक नव्या माणसामागं उत्पन्नातली वाढ कमी होत जाते.

"न्हाई पटत," आबा म्हणाले. "आमी खंदक खणायचो. माणूस वाढला की काम लौकर."

"पण फावडं एकच असलं तर?"

"दुसरं आणायचं."

"फावडं वाढवायचं नाही, आबा. बाकी सगळं तसंच ठेवायचं. फक्त माणूस वाढवायचा."

"बाकी सगळं तसंच ऱ्हातंय असं कवा असतंय का?"

"नसतं. पण धरायचं."

"का धरायचं?"

मी तो भाग त्यांना वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितला. आमच्याच एका वाफ्याचं उदाहरण घेतलं. भांगलायला, तण काढायला, बायका किती घालायच्या, किती झाल्या की त्या एकमेकींच्या पायात येणार. आबा म्हणाले, बायका गप्पा मारत्यात म्हणून काम मागं पडतं, पायात येत्यात म्हणून न्हाई. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. मला मात्र ते इतक्या बाजूंनी सांगावं लागलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

आमचा आवाज चढायचा. एकदा शेजारच्या काकी फाटकातून आत आल्या आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "काय झालं गं? आबा कशापायी वरडत्यात?"

"मूल्य कशावरून ठरतं त्यावरून," मी म्हटलं.

काकींनी आबांकडं बघितलं. "जमीन इकताय का काय, आबा?"

आबा म्हणाले, "बस हितं. तूच सांग. ही म्हणतीया, वस्तूत जेवढी मेहनत गेली तेवढी तिची किंमत. आमच्या आईनं एक गोधडी शिवली हुती. दोन उन्हाळं शिवत हुती. तिची किंमत किती धरायची?"

काकी म्हणाल्या, "जुनी गोधडी कोण घेतंय वो. भांडीवाली बाई एक पातेलं दील."

"घे लिवून," आबा मला म्हणाले.

ती हरकत मी खरंच लिहून घेतली. मी ते पान पुढं वाचलं, मागं वाचलं. मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून शोधलं, आणि सापडलं. कुणी एकानं किती वेळ लावला त्याला किंमत नाही. ती वस्तू करायला समाजात साधारणपणे जेवढे श्रम लागतात तेवढेच मोजायचे. आबांच्या आईंनी जास्तीचा वेळ लावला तो मोजणीत येत नाही. संध्याकाळी मी हे आबांना सांगितलं.

"म्हंजे म्हातारीचा दुसरा उन्हाळा फुकट गेला," ते म्हणाले.

"ह्या पुस्तकाप्रमाणे."

"दुसऱ्या कुठल्या पुस्तकाप्रमाणं न्हाई गेला का, बघ."

पुढच्या घटकांत तसं पुस्तक होतं. वस्तूची किंमत तिच्यात काय गेलं ह्यावर नाही, तर घेणाऱ्याला तिची गरज किती ह्यावर ठरते, असं म्हणणारे लोक होते. गोधडीच्या बाबतीत त्यांचाही फारसा उपयोग झाला नाही, पण पाण्याच्या बाबतीत झाला. पाणी जगायला लागतं तरी स्वस्त, हिरा कशालाच लागत नाही तरी महाग, हे कोडं वाचल्यावर आबा म्हणाले, हे लिवणारा कॅनॉलच्या शेवटाला राहत नसणार.

चैत्र संपता संपता आबांना नंबरचा चष्मा मिळाला. त्या दिवशी सकाळी ते सोप्यात बसून स्वतः पेपर वाचत होते, पान दूर धरून, जवळ धरून. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बाहेर आले तर आबा नव्हते. पाण्याची पाळी होती, ते शेतावर गेले होते. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आता तुझं तू वाच पोरी. लय दिस झालं, ऊस बघितला न्हाई."

मला बोलायला जागा नव्हती. डोळा बरा व्हावा म्हणूनच तर थेंब घालत होते. पण पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा राहिला होता आणि परीक्षा तोंडावर आली होती.

पहिल्या संध्याकाळी मी एकटी बसले आणि पानाच्या तळाशी पोचल्यावर कळलं की मी गवार निवडत होते. पुन्हा वर गेले. पुन्हा तेच. पुस्तक मिटून मी नवऱ्याला म्हटलं, "मला वाटलं होतं, डोकं सुधारलं."

तो टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाला, "आबांनी तुझं डोकं सुधारलं न्हवतं. तुला गप बसू दिलं न्हवतं."

तो सहज बोलला आणि त्यानं आवाज पुन्हा वाढवला. मी आत गेले. पेन्सिल घेतली, तांबडी नाही, साधी. परिच्छेद वाचायच्या आधी वर मथळा असतो तो वाचला आणि बाजूला लिहिलं, 'आबा म्हणतील, हे कुणी सांगितलं?' मग उत्तर सापडेपर्यंत वाचलं. पुढच्या परिच्छेदाला लिहिलं, 'आबा म्हणतील, मग आधीचा खोटा का?' मला त्यांच्या सगळ्या हरकती येत होत्या. कुठं हात वर जाईल हेही कळत होतं. वाचायचं ते मोठ्यानं, स्वयंपाकघरात, भिंतीकडं तोंड करून. मन तरीही जायचं. काही दिवस नुसते गेले. पण गेलेलं मन परत आलं की त्याला कुठं यायचं आहे ते माहीत असायचं, कारण प्रश्न अर्धा सुटलेला तिथं पडलेला असायचा. पान पहिल्यापासून घ्यायचं मी बंद केलं. जिथं तुटलं तिथून पुढं.

शेवटी दोन घटक राहिले. ते वाचायला बसायचं का आधीचे पक्के करायचे, असा प्रश्न होता. मी जुन्या प्रश्नपत्रिका काढून त्या दोन घटकांवर किती गुण असतात ते मांडलं. ते सोडले तरी बाकीच्यावर पेपर सुटू शकत होता. आकडा समोर होता, तरी हात रेंगाळत होता. सरांनी सोडून वाचा म्हटलं तेव्हा मला ती फसवणूक वाटली होती. आता मी ते दोन घटक रबर लावून बांधले, म्हणजे चुकून उघडायला नकोत. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न तपासता बाजूला ठेवलं.

परीक्षेला सांगलीच्या केंद्रावर माझ्या पुढच्या बाकावर माझ्या लेकीच्या वयाची मुलगी होती. तिनं मागं वळून विचारलं, "काकू, सगळं झालं?" मी म्हटलं, "नाही. दोन घटक सोडलेत." ती म्हणाली, "मी पाच."

मूल्याच्या सिद्धांतावर मोठा प्रश्न होता. मी सिद्धांत मांडला, मग त्यावरचा आक्षेप मांडला, मग आक्षेपाचं उत्तर. गोधडी लिहिली नाही. 'एखादा कारागीर नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावतो असे समजू' असं लिहिलं. माणसं वाढवत नेण्याचा नियम 'टीपा लिहा' ह्या प्रश्नात होता, तो वाफ्याच्या उदाहरणानं लिहिला, बायकांच्या गप्पा वगळून. सोडलेल्या घटकांवरच्या एका प्रश्नासमोर मी काही लिहिलं नाही. कोरी जागा तशीच सोडून उठले, तिथं अंदाजानं काही भरावं असं वाटलं नाही.

निकाल लागला तेव्हा मी कामावर होते. मोबाइलवर गुण बघितले, सगळ्या पेपरांची बेरीज स्वतः करून बघितली, ती जुळली. त्या पेपरात काठावर म्हणावेत त्यापेक्षा थोडे जास्त गुण होते. घरी आले तर आबा सोप्यात चष्मा लावून बसले होते.

"सुटला पेपर, आबा."

"सगळाच?"

"सगळाच. एम. ए. झाले."

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हंजे आता उत्पादक?"

"पुस्तकाप्रमाणे अजून वाद आहे."

मी चहा टाकून आले. आबांनी पेपरची घडी घातली, पण हातातच ठेवली. "ते बांधून ठिवलेलं दोन ऱ्हायलं न्हवं? रबर लावून?"

"त्यांची आता गरज नाही. परीक्षा झाली."

"परीक्षा तुझी झाली. मला कुठं कळलंय, पुढं काय झालं ते. त्या हिरेवाल्याला कुणी उत्तर दिलं का न्हाई?"

मी पुस्तक आणलं. रबर उन्हाळ्यानं चिकट झालं होतं, काढताना तुटलं. आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. थेंबांची आता गरज नव्हती, पण ऐकायचं म्हणजे तसं बसायचं अशी सवय झाली असावी. मी पहिलं वाक्य वाचलं. ते लांबच होतं. अर्ध्यात पोचले तोवर त्यांचा हात वर गेला.